मळ्यातले मंगळवार

आदरणीय काका,
सप्रेम जय ख्रिस्त.

निरोपसमारंभात मी सगळ्यांची नावं घेतली, तुमचं मुद्दाम घेतलं नाही. यादीतल्या एका नावावर भागवावं असं तुमचं देणं नव्हतं. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड, मंडळीतल्या सर्वांनी वाचावं असं.

नगर जिल्ह्यातल्या पाळकाचा आठवडा कसा जातो, हे तुम्ही कमिटीवर राहून पाहिलंय. लोकांना रविवारची उपासना दिसते. बाकीचे दिवस घरभेटी, दवाखाना, कुणाचा साखरपुडा, कुणाची माती, आणि जेवायला बसावं तोच दारात कुणीतरी, "पाळकसाहेब, बाप्तिस्म्याचा दाखला पाहिजे होता." दुसऱ्यांसाठी प्रार्थना दिवसभर चालते, स्वतः देवापुढे गप्प बसायचं तेवढं राहून जातं. तुम्ही ते ओळखलंत आणि फटकन म्हणालात, "रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली मिशनची अख्खी नोकरी सोडली, तुम्हाला मंगळवारची सकाळ सोडवत नाही?"

बोलणारे पुष्कळ असतात. तुम्ही माझ्या एकांतासाठी तुमच्या मळ्यात, विहिरीजवळच्या लिंबाखाली बाज टाकलीत. दिवसाची लाईट असलेल्या आठवड्यातही मी उठेपर्यंत पाण्याची मोटार सुरू केली नाहीत; याची किंमत शेतकऱ्यालाच कळेल. ज्वारी हुरड्यात आली आणि भोरड्यांचे थवेच्या थवे उतरू लागले, तेव्हाही गड्याला पत्र्याचा डबा वाजवू दिला नाहीत. मी डोळे मिटून बसलेलो आणि समोर पाखरं कणसं रिकामी करताहेत! शेवटी मीच उठून हाकललं, तर तुम्ही लांबून ओरडलात, "बसा हो, त्यांचं ते खातील." काकू काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं होतं, आणि त्यांचं खरंच होतं.

त्या बाजेवर बायबलमधला मार्कचा पहिला अध्याय मला नव्याने कळला. कफर्णहूमात आदल्या संध्याकाळी सगळं गाव दारापाशी जमलेलं, आणि येशू अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला. शिमोन शोधत आला, सगळे तुला शोधताहेत म्हणाला; तरी येशू त्यांच्याकडे परतला नाही, पुढच्या गावांना निघाला. आजारी माणसं तिथे अजून असतीलच. पाळकाच्या पोटात गोळा आणणारी ही ओळ आहे. यावर मी उपदेश केले होते, पण सगळा भर पहाटे उठण्यावर. मागे राहिलेल्या गर्दीचा विचार मळ्यात आला.

आपल्या गर्दीला तर तुम्हीच तोंड दिलंत. माझा फोन खिशात घालून तुम्ही बंगल्याच्या ओट्यावर बसायचात, आलेल्याला चहा पाजायचात, निकड असेल तरच माणूस मळ्यात धाडायचात. एकदा दफनविधीचा निरोप आला तेव्हा स्वतः सायकल मारत आलात. एरवी "साहेब कामात आहेत" एवढंच सांगायचात, आणि ते खोटं नाही असं मला ठासून सांगायचात. एकांत माझा होता, पण तो राखायला दुसरा माणूस लागला. तो तुम्ही झालात, काका. मनापासून आभार.

पुढच्या महिन्यात नवे पाळक येतील. त्यांना मळ्याची वाट दाखवा, आणि फोन आधी काढून घ्या. आपणहून ते देणार नाहीत.

तुमचा,
बदली झालेला पाळक