फौजिया हसन यांच्याबद्दल, लेकीला

सातारा

प्रिय सानिका,

अनेक आशीर्वाद.

इस्रोच्या शास्त्रज्ञांवर रॉकेटची गुपितं फोडल्याचा खोटा आरोप झाला, त्या 1994 च्या इस्रो हेरगिरी प्रकरणावर तुमच्या वाहिनीच्या कार्यक्रमासाठी तू केलेलं टिपण वाचलं. तारखा नीट लावल्या आहेस, कोर्टांची नावंही बरोबर आहेत. त्यातले शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांच्यावर पानभर लिहिलंयस आणि ते योग्यच आहे. पण त्याखाली एक ओळ आहे: 'मालदीवच्या दोन महिलांनाही अटक झाली होती.' मी तिथेच थांबले. त्या दोघींपैकी एक चित्रपट अभिनेत्री होती, आणि तुझ्या कार्यक्रमात तिचं नावसुद्धा येणार नाही असं दिसतंय. म्हणून हे पत्र.

त्यांचं नाव फौजिया हसन. जन्म 1942 चा. म्हणजे 1994 मध्ये अटक झाली तेव्हा त्या बावन्न वर्षांच्या होत्या, आत्ता मी आहे साधारण त्याच वयाच्या. हे मुद्दाम सांगते, कारण त्या वेळच्या बातम्यांमधून डोळ्यांपुढे उभी राहायची ती शास्त्रज्ञांना भुरळ घालून रॉकेटची गुपितं पळवणारी कुणी मोहिनी. प्रत्यक्षात ही बाई लेकीच्या शिक्षणासाठी भारतात आली होती. मुलगी बेंगळुरूला शिकत होती. मालदीवमधून शिक्षणासाठी आणि औषधोपचारांसाठी बेंगळुरू, तिरुवनंतपुरम किंवा कोलंबोला जाणं ही तिथल्या लोकांची नेहमीची वाट. एवढ्याशा बेटांवर सगळ्या सोयी कुठून असणार?

त्यांची मैत्रीण मरियम रशीदा. तिचा व्हिसा संपत आला होता आणि तिला परत जायचं होतं, पण विमानच मिळेना. का, ते तुझ्या प्रेक्षकांना अगदी जवळचं वाटेल. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या बीड जिल्ह्यात मामला गावात प्लेगचे रुग्ण सापडले, पाठोपाठ सप्टेंबरात सुरतेत साथ पसरली. अनेक देशांनी भारताशी असलेली विमानसेवा थांबवली, त्यात मालदीवची उड्डाणंही अडकली. मरियम मुदत वाढवून घ्यायला केरळ पोलिसांकडे गेली आणि ऑक्टोबरात मुदतीपेक्षा जास्त राहिली म्हणून तिलाच अटक झाली. तिनं एका अधिकाऱ्याची लगट झिडकारली आणि तिथून या प्रकरणाला सुरुवात झाली, असं सीबीआयनं 2024 मध्ये माजी अधिकाऱ्यांविरुद्ध दाखल केलेल्या आरोपपत्रात म्हटलंय. नोव्हेंबरात फौजियाबाईंना धरलं, आणि महिना संपायच्या आत शशिकुमारन आणि नंबी नारायणन हे शास्त्रज्ञही कोठडीत गेले.

कोठडीत काय झालं ते फौजियाबाईंनी पुढे मुलाखतींमधून सांगितलं. मारहाण झाली. बेंगळुरूच्या मुलीला इथे आणून तुझ्यादेखत तिची विटंबना करू, अशी धमकी दिली गेली. मग पोलीस म्हणतील ते बोलायला त्या तयार झाल्या. कॅमेरा लावला गेला आणि नंबी नारायणन यांचं नाव घ्यायला सांगितलं. ज्या माणसाला कधी पाहिलं नाही, त्याचं नाव त्यांच्या तोंडी बसेना. शेवटी ते कागदावर लिहून समोर धरलं आणि त्यांनी ते वाचलं.

सानिका, मी वकील आहे, म्हणून तुला एक गोष्ट सांगायलाच हवी. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 25 मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं होतं आणि नव्या कायद्यातही ती तरतूद कायम आहे. इंग्रजांनासुद्धा कळत होतं की कोठडीत माणूस काहीही बोलेल. न्यायालय असा जबाब बाजूला ठेवतं, पण वर्तमानपत्राला तसं बंधन नाही. 'सूत्रांची माहिती' म्हणून तोच जबाब पहिल्या पानावर छापून येतो आणि आरोपपत्र दाखल व्हायच्या आधीच लोकांपुरता निकाल लागतो. केरळात तेव्हा आठवडेच्या आठवडे हेच चाललं. तुझ्या डेस्कवर अशी 'सूत्रं' रोज येणार आहेत, तेव्हा ती माहिती कुठल्या खोलीतून आलीय हे विचारत जा.

डिसेंबरात तपास सीबीआयकडे गेला. हेरगिरी झालीच नाही, सगळं बनावट आहे, असा अहवाल त्यांनी दिला आणि मे 1996 मध्ये एर्नाकुलमच्या न्यायालयानं सगळ्यांना आरोपमुक्त केलं. तरी या दोघींची सुटका लगेच झाली नाही. राज्य सरकारनं पुन्हा तपासाचा घाट घातला आणि त्या घरी पोहोचेपर्यंत 1997 साल सरत आलं. सर्वोच्च न्यायालयानं तो फेरतपास रद्द केला तो 1998 मध्ये. केलेला गुन्हा नाही आणि तुरुंगवास सुमारे तीन वर्षं, तोही परक्या देशात, परक्या भाषेत.

इथवरचं तुला फायलींमधून मिळेलच. मला सांगायचंय ते यापुढचं.

मालदीवची राजधानी माले किती लहान आहे याची कल्पना कर. मालदीवमध्ये बाराशेच्या आसपास बेटं, त्यांतल्या दोनशेच्या आत-बाहेर बेटांवर वस्ती, आणि मालेचं मूळ बेट तर तासाभरात पायी फिरून होईल एवढंच. अशा गावात भारतातल्या तुरुंगातून आलेली, हेर म्हणून गाजलेली बाई कुठे तोंड लपवणार? फौजियाबाईंनी लपवलं नाही. त्यांनी सिनेमाच्याच जगात नोकरी केली, चित्रपट सेन्सॉरच्या कामात. आणि अभिनय केला, वर्षानुवर्षं. त्यांच्या निधनाच्या बातम्यांमध्ये शंभरावर चित्रपटांचा उल्लेख होता.

तिथला सिनेमा आपल्या मराठी सिनेमापेक्षाही कितीतरी लहान. तिथली धिवेही भाषा बोलणारी माणसंच मुळात पाच लाखांच्या आत. मालेतलं ऑलिंपस हे सरकारी सिनेमागृह म्हणजे बरीच वर्षं तिथल्या चित्रपटांचं मुख्य ठिकाण. तिथे खेळ भरले तरच निर्मात्याचे पैसे निघणार. वर हिंदी सिनेमाशी स्पर्धा, कारण तिथल्या घराघरांत हिंदी चित्रपट आणि हिंदी गाणी पोहोचलेली. एवढ्याशा बाजारात माणसं मोजकीच, त्यामुळे जो नट तोच दिग्दर्शक, तोच कधी लेखकही. नायिका बदलत राहतात, पण आई, आजी, सासू, शेजारीण या भूमिकांसाठी तेच ते चार-पाच चेहरे पुन्हा पुन्हा लागतात. फौजियाबाई त्यांतला एक चेहरा होत्या.

अशा कामाकडे समीक्षकांचं लक्ष जात नाही. मला मात्र त्याचं मोल फार वाटतं. नायक-नायिकेचं प्रेम प्रेक्षक गाण्यावर मान्य करतात. घर खरं वाटायचं असेल तर दारात उभी असलेली आई खरी वाटावी लागते. तिला मोठी भाषणं नसतात. पोरगा उशिरा आला की ताट वाढताना ती कशी बघते, यावर प्रसंग तरतो. 2008 मध्ये फातिमत नहुला या दिग्दर्शिकेचा 'यूसुफ' आला. मूकबधिर तरुणाची गोष्ट. यूसुफ शफीऊ, नियुमा मोहम्मद, शीला नजीब असे तेव्हाचे सगळे मोठे कलाकार त्यात होते आणि त्यांच्या जोडीला फौजियाबाई होत्या. वय सहासष्ट. ज्या बाईला लेकीच्या नावानं धमकावून कॅमेऱ्यासमोर खोटं बोलायला लावलं, ती पुन्हा कॅमेऱ्यासमोर गेली, आणि तिच्या देशातल्या लोकांनी तिला आईच्या रूपात घरातलं मानलं. इतक्या वर्षांच्या वकिलीत मी निर्दोष सुटलेली पुष्कळ माणसं पाहिली. सुटल्यावर बहुतेक जण गाव सोडतात, निदान चारचौघांत जाणं तरी सोडतात. फौजियाबाईंचं हे धैर्य मला न्यायालयाच्या कुठल्याही निकालाहून मोठं वाटतं.

2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नंबी नारायणन यांना पन्नास लाखांची भरपाई दिली, पुढे केरळ सरकारनं आणखी एक कोटी तीस लाख दिले, पद्मभूषणही मिळालं. त्यांनी चोवीस वर्षं झगडून ते मिळवलं, त्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्याच खोट्या खटल्यात भरडलेल्या फौजियाबाईंनीही भरपाई मागितली होती, आणि ती त्यांच्या हाती पडली नाही. परदेशी नागरिक, त्यात बाई, त्यात अभिनेत्री. आपल्याकडे कुणाला त्यांची आठवण ठेवायची गरज वाटली नाही. श्रीलंकेत उपचार सुरू असताना 31 ऑगस्ट 2022 रोजी त्या गेल्या, ऐंशीव्या वर्षी. आपल्या वाहिन्यांवर ती बातमी आली असेल तर तीही 'इस्रो प्रकरणातली महिला' म्हणूनच.

तेव्हा तुझ्या टिपणातली ती एक ओळ बदल. दोघींची नावं लिही, मरियम रशीदाचंही. फौजिया हसन यांच्या नावापुढे 'मालदीवच्या ज्येष्ठ अभिनेत्री' असं लिही आणि भरपाई मिळाली नाही हे निवेदनात येऊ दे. तुमचे संपादक म्हणतील, वेळ नाही. वीस सेकंद पुरतात, माग. आणि छायाचित्रासाठी ग्राफिक्सवाले पोलिसांच्या गराड्यातला जुना फोटो काढतील, तो लावू देऊ नकोस. त्यांच्या चित्रपटांतला एखादा मिळतोय का बघ. नाहीच मिळाला तर मला कळव, मीही शोधते.

तुझी,
आई