पत्रे फोडणारे सभागृहात नव्हते

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली ॲस्बेस्टॉस, म्हणजे सिमेंटच्या पत्र्यात घालतात त्या तंतुमय खनिजाबद्दलच्या जनजागृती प्रशिक्षणाची बातमी वाचली. ‘बांधकाम व देखभाल कामगारांची मोठ्या संख्येने उपस्थिती होती’ हे वाक्य मात्र दोनदा वाचलं, कारण मी त्या सभागृहात होते. फोटोत खांबाआड अर्धी दिसते आहे ती मीच. माझ्या पुढच्या रांगांत कोण बसलं होतं ते तुमच्याच फोटोत दिसतं: इस्त्रीचे शर्ट आणि गळ्यात ओळखपत्रं. मंचावरच्या सगळ्यांची नावं हुद्द्यांसकट छापली आहेत, त्यातल्या एकानेही जन्मात पत्र्याला पाना लावलेला नसणार. असो, सत्कार झाले, नारळ झाले.

आमच्याकडे शेडची कामं असतात, हिशेब मी बघते. ‘हे’ कामावर होते आणि पोरांची रोजी देऊन त्यांना दिवसभर खुर्चीत बसवायची आमची ऐपत नाही, म्हणून मी गेले. तर कामगारांच्या ‘मोठ्या संख्येत’ मलाही धरलं असेल, तर तेवढी एक वजा करावी.

वक्त्यांबद्दल तक्रार नाही, माणूस अभ्यासू होता. हे तंतू डोळ्याला दिसत नाहीत, फुप्फुसात गेले की विरघळत नाहीत, आजार वर यायला वीस-तीस वर्षंही लागतात, तोंडाला रुमाल बांधून काही उपयोग नाही, वर बिडी-सिगारेट असेल तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पटीने वाढतो. धडधाकट पत्रा डोक्यावर आहे म्हणून घाबरू नका, तो कापला, भोकं पाडली, फोडला की धूळ सुटते, हेही त्यांनी नीट सांगितलं. पण पडद्यावर चित्रं होती ती ब्रिटनमधली. बॉयलरच्या पाइपांवरचं वेष्टण, छताच्या टाइल्स, पांढरे झगे घातलेली माणसं. तिथे 1999 मध्ये पूर्ण बंदी आली आणि जुन्या इमारतींत हात घालणाऱ्या प्लंबर-वायरमनला आधी हे प्रशिक्षण देणं 2012 च्या नियमांनी मालकावर बंधनकारक आहे. तिथल्या प्रशिक्षणाचा गाभा म्हणजे माल ओळखा, हात लावू नका, काम थांबवा, वरिष्ठांना सांगा. फार छान. मजूर अड्ड्यावरून उचललेला शिरपूरकडचा पावरा पोरगा काम थांबवून वरिष्ठांना सांगायला गेला तर वरिष्ठ त्याला काय सांगतील, हे मी तुम्हाला सांगायला नको.

शिवाय आपल्याकडे बंदी आहे कुठे? खाणी थांबल्या, पण माल बाहेरच्या देशांतून येतो आणि सिमेंटचा पत्रा दुकानात राजरोस मिळतो. लोक घेतात त्यालाही कारण आहे. धुळ्याच्या मे महिन्यात टिनाच्या पत्र्याखाली एक दुपार काढून बघा. सिमेंटचा त्यामानाने थंड, म्हणून कांदाचाळीपासून शाळेपर्यंत तोच. लोकांना मी नावं ठेवत नाही.

मला हे एवढं लागलं त्याचं कारण दुसरं आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडी वादळात साक्री तालुक्यातल्या एका शाळेचे पत्रे उडाले, उरलेले तडकले. आमच्याकडे दर विचारला. यांनी सांगितलं, पत्रा खालच्या लोखंडी अँगलला धरून ठेवणारे जे-बोल्ट पान्याने सोडवू, गंजलेले असतील ते हातकरवतीने कापू, पाणी मारत मारत एकेक पत्रा अख्खा उतरवू, दोन दिवस लागतील. जुन्या सिमेंट पत्र्यावर चालायचं तेही बोल्टच्या रांगेवरून, जिथे खाली अँगल असतो तिथूनच, आणि शक्यतो फळी टाकून. मधे पाय पडला की माणूस पत्र्यासकट खाली. धूळ वीस वर्षांनी मारते, हे त्याच दिवशी. सभागृहात यावर एक शब्द नाही.

शाळेने काम दुसऱ्याला दिलं. तो म्हणाला, अर्ध्या दिवसात करतो. केलंही. वरून हातोडे मारले, खाली पडून चुरा. आम्ही जवळच्याच गावात कांदाचाळीच्या कामावर होतो, दुपारी हे मला बघायला घेऊन गेले. नवे पत्रे ग्राइंडरने कापणं चालू होतं, कापणाऱ्याच्या भुवया आणि पापण्या पांढऱ्या झालेल्या. पोषण आहाराच्या खोलीची खिडकी सताड उघडी, आत पातेल्यात तांदूळ धुऊन ठेवलेला. मी म्हटलं, “बाबा, पाणी तरी मार.” तो हसला, “काही व्हत नही वो काकू, सिमेंटच शे.” त्याच्यावर मी काय रागावणार? त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या पत्र्यात साधारण आठ-दहा टक्के ॲस्बेस्टॉस असतं, बाकी सिमेंट आणि राख, हे मला तरी परवा त्या सभागृहातच कळलं.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, तुमच्याच अंकात पाहिलं. ‘विद्यार्थ्यांच्या श्रमदानातून शाळेचा परिसर चकाचक’. रंगीत फोटो, तीन कॉलम. सहावी-सातवीच्या पोरी खराट्याने कोरडा चुरा झाडून घमेल्यात भरताहेत आणि मागे पत्र्यांच्या तुकड्यांचा ढीग. मी तेव्हा तुमच्या कार्यालयात फोन केला होता. पलीकडून उत्तर आलं, “ताई, चांगल्या कामात खोड काढू नका.” बरं, नाही काढली. आता त्याच पानावर ‘ॲस्बेस्टॉसची धूळ कोरडी झाडू नये, आधी ओली करावी’ असं तज्ज्ञांच्या नावाने चौकटीत छापलं आहे. दोन्ही कात्रणं माझ्याकडे आहेत. हवी असतील तर पाठवते.

प्रश्नोत्तरांत मी विचारलं होतं, उतरवलेले तुकडे टाकायचे कुठे? घंटागाडीवाला घेत नाही. अशा घातक कचऱ्याची केंद्रं महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणी. धुळ्याहून रांजणगावला टेम्पो भरून न्यायचा तर भाडंच शेडच्या मजुरीच्या वर जाईल आणि ते गिऱ्हाईक देणार नाही. म्हणून तुकडे बकऱ्यांच्या वाड्याला लागतात, नाहीतर रस्त्याच्या खड्ड्यात भराव म्हणून जातात आणि वरून ट्रॅक्टर फिरत राहतात. “चांगला प्रश्न आहे, जेवणानंतर बोलू,” असं उत्तर मिळालं. जेवणानंतर प्रमाणपत्रं होती.

माझ्या प्रमाणपत्रावर लिहिलं आहे की मी ‘ॲस्बेस्टॉस हाताळणीचे प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केले’. हाताळणी कोणी शिकवली? उद्या हा कागद दाखवून मी कुणाचेही पत्रे उतरवायचं काम घेऊ शकते.

आणखी एक. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितलं होतं की ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून 40 वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर 15 वर्षे, यांतलं जे नंतर येईल तोपर्यंत ठेवाव्यात. वक्त्यांनी हे अभिमानाने सांगितलं. कारखान्याचं ठीक आहे. अड्ड्यावरच्या पोराची नोंद म्हणजे माझ्या वहीतली पेन्सिलची हजेरी, आणि पाच-सहा वर्षांपूर्वीच्या वह्यांना वाळवी लागली आहे. तो पन्नाशीला खोकत दवाखान्यात गेला तर आधी टीबीच समजतील, आणि टीबी नाही निघाला तर बिडी. तीस वर्षांपूर्वी कुठल्या शाळेचे पत्रे फोडले ते कोण विचारणार?

बायकांचा तर विषयच नव्हता. आमच्याकडे कामावरचे कपडे भिजवण्याआधी अंगणात झटकायची पद्धत. पॅन्टच्या दुमडीत, शर्टाच्या खिशात, कॉलरच्या घडीत जी पांढरी पूड बसते ती झटकणाऱ्या बाईच्याच नाकात जाते. न झटकता थेट पाण्यात टाका, घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका. दोन वाक्यं. कामाला न जाताही घरच्या बायकांना हा आजार झाल्याचं ब्रिटनमध्ये नोंदलेलं आहे, ते मी घरी येऊन मुलाच्या फोनवर वाचलं.

पुढचं प्रशिक्षण कुणाला घ्यायचंच असेल तर सकाळी साडेसात वाजता मजूर अड्ड्यावर घ्यावं, गाड्या यायच्या आत, अहिराणीत आणि पावरीत. एक जुना पत्रा, पाण्याची बादली, पाना आणि धुळीचा खरा मास्क एवढंच लागतं. चहाचा खर्च आम्ही करू. तुमच्या छायाचित्रकाराला जरा लवकर उठावं लागेल.

आपली,
शेडच्या ठेकेदाराची हिशेबनीस, धुळे

ता. क. – प्रवेश ‘नोंदीत बांधकाम कामगारांनाच’, म्हणजे सरकारच्या कामगार कल्याणकारी मंडळात नाव असलेल्यांनाच होता, हे बातमीत राहिलं. मला आत सोडलं ते ठेकेदाराकडून आले म्हणून. अड्ड्यावरची निम्मी पोरं नोंदीत नाहीत, कारण नव्वद दिवस काम केल्याचा दाखला रोज नवा मालक असलेल्याने आणायचा कुणाकडून? दलाल आणून देतो, पण त्याचे पैसे वेगळे, आणि मंडळाकडून भांड्यांचा संच मिळाला की त्यातही त्याचा वाटा. बांधकामावर एक टक्का उपकर गोळा होतो तो याच पोरांच्या नावाने. यावर एखादी बातमी करा, दलालाचं दुकान कुठे आहे ते तुमच्या वार्ताहराला माहीत आहे.