मुलाला थेट विचारण्याचे बळ शाळांना द्या: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

एखाद्या विद्यार्थ्याने आत्महत्या केल्याची बातमी आली की शाळांना परिपत्रक जाते, त्याला धोक्याच्या लक्षणांची यादी जोडलेली असते आणि शिक्षकांनी मुलांवर ‘लक्ष ठेवावे’ अशी सूचना असते. मी शाळेत समुपदेशक म्हणून काम करते. त्या यादीतली बहुतेक लक्षणे बरोबर असतात, हे मला मान्य आहे. तरीही यादी हाती असलेला शिक्षक ऐन वेळी गप्प राहतो, कारण लक्षण दिसल्यावर मुलाशी काय बोलायचे आणि त्यानंतर त्याला कोणाकडे न्यायचे, हे त्याला कोणीच सांगितलेले नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ७ लाख २७ हजार माणसांनी आत्महत्या केली आणि १५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंच्या कारणांमध्ये आत्महत्या तिसऱ्या क्रमांकावर होती. प्रश्न एवढा मोठा असल्यामुळे सर्व विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घ्यावी, गुण द्यावेत आणि धोक्यातली मुले वेगळी काढावीत, असा मोह प्रशासनाला होणे स्वाभाविक आहे. मात्र पन्नास वर्षांतील ३६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा असे दिसले की, आधी झालेला प्रयत्न, नैराश्य, निराशा यांसारख्या ज्ञात घटकांपैकी कोणत्याही एकावरून पुढे कोण आत्महत्या करील हे ओळखण्याची क्षमता निव्वळ योगायोगापेक्षा थोडीशीच अधिक आहे. आत्महत्येचे विचार काही तासांतही तीव्र होतात आणि ओसरतात. जून महिन्यात भरलेली प्रश्नावली जानेवारीतल्या एखाद्या संध्याकाळबद्दल फारसे काही सांगू शकत नाही.

याचा अर्थ लक्षणे निरुपयोगी आहेत असा नाही. दीर्घकाळचे धोके आणि तातडीचे इशारे यांतला फरक शाळेतील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला कळला पाहिजे. पूर्वीचा प्रयत्न, मानसिक आजार, घरातील हिंसा, सततची छळवणूक, जवळच्या कोणाची आत्महत्या हे धोके वर्षानुवर्षे सोबत राहतात, आणि ते वाट्याला आलेली बहुसंख्य मुले कधीही आत्महत्या करत नाहीत. तातडीचा इशारा मात्र नेहमीच्या वागण्यातील बदलातून मिळतो. ‘मी नसलो तर सगळ्यांची सुटका होईल’ असे बोलणे, मरणाविषयी शोध घेणे, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकणे, निरोप घेतल्यासारखे संदेश पाठवणे, झोप उडणे, मित्रांपासून तुटणे, आणि बरेच दिवस अस्वस्थ असलेल्या मुलाचे एकाएकी शांत होणे, असे हे बदल असतात. किशोरवयात दुःख पुष्कळदा रागाच्या रूपाने बाहेर येते. जो मुलगा उद्धट झाला म्हणून वर्गाबाहेर उभा केला जातो, त्याच्याकडे या नजरेने कोणी पाहत नाही, याची मला फार काळजी वाटते.

असा बदल दिसला की मुलाला एकांतात बसवून शांतपणे विचारायचे असते: ‘तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?’ हा प्रश्न तोंडातून काढायला अनेक शिक्षक आणि पालक घाबरतात, विचारल्याने नसलेला विचार मनात भरेल असे त्यांना वाटते. न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांमधील २,३४२ विद्यार्थ्यांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात आत्महत्येविषयी प्रश्न विचारलेल्या मुलांचा त्रास, न विचारलेल्या मुलांच्या तुलनेत वाढला नव्हता. नैराश्य असलेल्या किंवा पूर्वी प्रयत्न केलेल्या मुलांना तर विचारल्यानंतर त्रास कमीच जाणवल्याचे दिसले. उत्तर ‘हो’ आले तर उपदेश करू नये, घरच्यांची शपथ घालू नये, गुप्ततेचे वचन देऊ नये, मुलाला एकटे सोडू नये, इजा करता येईल अशी साधने दूर ठेवण्याबद्दल पालकांशी बोलावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचवावे. हे सारे एका दुपारच्या प्रशिक्षणात, प्रत्यक्ष संवादाचा सराव करून शिकवता येते.

पण केवळ शिक्षकांना प्रशिक्षण देऊन थांबू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. युरोपातील दहा देशांमधल्या १६८ शाळा आणि ११ हजारांहून अधिक विद्यार्थी यांच्यावर झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शिक्षक-प्रशिक्षण, मुलांची तपासणी आणि मुलांबरोबर थेट काम, असे तीन मार्ग तपासले गेले. वर्षभरानंतर लक्षणीय फरक दिसला तो तिसऱ्या मार्गाने. चार आठवड्यांत एकूण सुमारे पाच तास, भूमिका करून पाहत आणि चर्चा करत, मुलांनी तणाव, नाती आणि मदत मागणे यांवर काम केले होते. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील मुलांपेक्षा त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नांचे आणि तीव्र विचारांचे प्रमाण सुमारे निम्मे आढळले. मुले आपले दुःख बहुधा आधी मित्राला सांगतात, हे आम्ही रोज पाहतो. त्या मित्राला ‘ही गोष्ट लपवायची नाही, विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायची’ एवढे कळले, तरी मदत वेळेत पोहोचू शकते. हे पाच तास वेळापत्रकात मिळावेत, त्यांवर परीक्षा नसावी आणि गुण नसावेत.

विचारणारे माणूस तयार केले आणि पुढची वाट बंद ठेवली, तर मुलाचा विश्वास कायमचा उडेल. म्हणून प्रत्येक शाळेला ठरलेला समुपदेशक, ठरलेले रुग्णालय आणि तेथे तातडीने वेळ मिळण्याची लेखी व्यवस्था हवी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा क्रमांक भिंतीवर आणि ओळखपत्राच्या मागे छापलेला असावा. शिक्षकांनी स्वतःसाठीही तो वापरावा, कारण मुलांचे असे बोलणे ऐकणाऱ्यालाही आधार लागतो.

शेवटची मागणी ज्यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते त्या मुलांसाठी आहे. रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे आणि महिने अतिशय जोखमीचे असतात, आणि नेमक्या त्याच काळात मूल शाळेत परतते. वर्गात कोणाला किती सांगायचे हे त्या मुलाला विचारून ठरवावे, बुडालेल्या अभ्यासाचा आणि परीक्षांचा भार हलका करावा, रोज भेटणारी एक व्यक्ती नेमावी, आणि आत्महत्येचा प्रयत्न केल्याच्या कारणावरून कोणत्याही विद्यार्थ्याला शाळा सोडण्यास सांगता येणार नाही, असा स्पष्ट आदेश आपण नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी काढावा.

आपली विश्वासू,
एक शालेय समुपदेशक