ठणठणीत पोरांना अँटिबायोटिक कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.
आमच्या सोसायटीत एका मुलाचा थ्रोट स्वॅब (घशातून घेतलेला नमुना) स्ट्रेप या घसा धरणाऱ्या जिवाणूसाठी पॉझिटिव्ह आला आणि ग्रुपवर नुसता धुरळा, म्हणे सगळ्याच पोरांना तपासा आणि गोळ्या द्या. अहो, शाळकरी वयातल्या शंभरातल्या साधारण १०-१२ निरोगी मुलांच्या घशात हाच स्ट्रेप, म्हणजे ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस, नुसताच मुक्काम करून असतो, ताप नाही की दुखणं नाही, आणि अशा कॅरियरकडून दुसऱ्याला लागण व्हायची शक्यताही कमीच असते. त्यात साध्या व्हायरसने घसा धरला तरी या कॅरियर पोरांचा स्वॅब पॉझिटिव्हच येणार!
मात्र खरंच ताप, गिळताना दुखणं, मानेला गाठी असतील तर डॉक्टर सांगतील तो कोर्स पूर्ण करा, हृदयाच्या झडपा खराब करणारा रूमॅटिक फिव्हर अशाच घशातून सुरू होतो. घरात कुणाला तो होऊन गेला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, तिथे हिशोब वेगळा असतो.
– एक पालक, ठाणे