मधुमेहींच्या हिरड्या तपासणाऱ्या आमच्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आमच्या मधुमेह तपासणी केंद्रातून तुमच्याकडे गेलेल्या पेशंटचा कागद परत येतो, तेव्हा त्यावर नुसतं 'दात साफ केले' असं कधीच नसतं. कोणत्या दाताशी पॉकेट (दात आणि हिरडी यांच्यामधली फट) किती खोल आहे, रक्त कुठून आलं, कोणता दात हलतोय, पुन्हा कधी बोलावलंय, सगळं नीट लिहिलेलं असतं. त्या कागदांसाठी आणि त्यामागच्या कष्टांसाठी हे पत्र.

मिलिमीटरच्या खुणा असलेला तो बारीक प्रोब (मोजायची सळई) प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी घालून आकडा घ्यायचा, हे वेळखाऊ काम आहे. निरोगी हिरडीत तो १ ते ३ मिलिमीटर आत जातो. ४ आणि त्यापुढे गेला की तिथे ब्रशचे केस पोचत नाहीत. साचलेला थर कडक होऊन त्याचं कीटण होतं आणि दाताला धरून ठेवणारं हाड हळूहळू झिजतं. बहुतेकदा दुखत काहीच नाही, त्यामुळे कुणी दाखवायलाही येत नाही. गोळ्या वेळेवर, चालणं रोजचं, गोड बंद, तरी साखर उतरत नाही, असा पेशंट समोर बसला की आम्ही जेवण, झोप, डोस सगळं विचारायचो. तोंडात बघायचं मात्र राहून जायचं. तोंडात बघायची सवय आम्हाला तुम्ही लावलीत.

सुजलेल्या हिरडीतून टीएनएफ-अल्फा, आयएल-६ यांसारखी दाहाची द्रव्यं रक्तात जात राहतात आणि इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. दुसरीकडे, साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत आणि हिरडी भरून यायला वेळ लागतो. म्हणजे दोन्ही आजार एकमेकांना वाढवतात. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात ३५ अभ्यास एकत्र तपासले होते. हिरड्यांचे उपचार झालेल्या मधुमेहींचं एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ३ ते ४ महिन्यांनी सरासरी ०.४३ टक्क्यांनी जास्त उतरलं होतं. गोळीच्या जागी हे चालणार नाही, पण गोळीच्या जोडीला ही घट मोलाची आहे. म्हणूनच सफाई झाल्यावर एचबीए१सी लगेच न करता तीन महिन्यांनी करा, ही तुमची सूचना अचूक होती. त्याआधी केलेल्या तपासणीत जुन्याच साखरेचा हिशोब दिसतो.

खाण्याचंही तसंच. दाढा हलू लागल्या की भाकरी सुटते, मग मटकीची उसळ, काकडी, गाजर. ताटात उरतो मऊ भात, चहात बुडवलेली बिस्किटं, साबुदाण्याची खिचडी. आमचा आहारतक्ता कितीही चांगला असला तरी तो चावता आला पाहिजे! कवळी देताना 'आता काय खाता?' हे तुम्ही आवर्जून विचारता आणि उत्तर आम्हाला कळवता, याचे आमच्या आहारतज्ज्ञ ताई विशेष आभार मानतात.

मशेरीबद्दल तर खास लिहायला हवं. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू दिवसातून तीन-चारदा हिरड्यांवर घासणाऱ्या मावश्या आपल्या भागात घरोघरी आहेत. तंबाखूमुळे हिरडीतून रक्त कमी येतं, म्हणून 'माझे दात मजबूत आहेत' असं त्यांना वाटतं आणि आत हाड मात्र झिजत असतं. तुम्ही त्यांना रागावत नाही. आधी दुपारची मशेरी सोडा, मग रात्रीची, सकाळची सगळ्यात शेवटी, असा क्रम लावून देता. 'तिच्याशिवाय पोट साफ होत नाही' म्हणणाऱ्या मावशींना उठल्यावर दोन पेले कोमट पाणी सुचवता, आणि तंबाखू सोडवणाऱ्या सरकारी हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा नंबर कागदावर लिहून देता.

'सफाई केली आणि दात हलायला लागले' ही तक्रार घेऊन लोक आमच्याकडेच येतात. कीटणाचा थर निघाल्यावर आधीच सैल झालेला दात जाणवतो आणि फटी दिसू लागतात. थंड पाण्याची सणक काही दिवस राहते. हे तुम्ही सफाईच्या आधीच सांगता, त्यामुळे पेशंट अर्ध्यात सोडत नाहीत.

घासायचं कसं, हेही तुम्ही आरसा हातात देऊन दाखवता. मऊ ब्रश, केस हिरडीच्या कडेला ४५ अंशांत तिरके, छोट्या हालचाली, दोन मिनिटं. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, थुंकायची, पण भरपूर चुळा भरायच्या नाहीत. फटी मोठ्या असतील तिथे दातांमध्ये घालायचा छोटा ब्रश, अडणार नाही आणि सैलही पडणार नाही अशा मापाचा. रक्त आलं म्हणून तिथे घासणं सोडायचं नाही, हे सगळ्यांत अवघड. लोक नेमकं उलट करतात.

इन्सुलिनवरच्या पेशंटना तुम्ही सकाळची वेळ देता, नाश्ता आणि औषध घेऊनच बोलावता. घाम, थरथर जाणवली तर खुर्चीजवळ तीन चमचे साखर तयार असते. दात काढायच्या आधी रक्त पातळ होण्याच्या गोळ्या कुणी परस्पर बंद केल्यात का, हे फोन करून विचारता. अ‍ॅम्लोडिपिन घेणाऱ्या एका काकांची फुगलेली हिरडी पाहून तुम्ही कळवलंत आणि आम्ही त्यांची बीपीची गोळी बदलली. हाडांच्या ठिसूळपणासाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन द्यायच्या आधी दात तपासून, काढायचे ते काढून घेण्याचा आग्रहही तुमचाच. नंतर दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड उघडं पडून भरून येत नाही.

अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांच्या घरच्यांना तुम्ही शिकवलंत, की तोंड साफ करताना डोकं उंच किंवा कुशीवर घ्यावं, पाणी ओतू नये, कवळी रात्री काढून साध्या पाण्यात ठेवावी. तोंडातली घाण श्वासाबरोबर फुफ्फुसात गेली की न्यूमोनिया होतो, हे त्या घरांना तुमच्यामुळे कळलं.

आमचे नवे केसपेपर छापून आले आहेत. पायांची तपासणी, डोळ्यांची तपासणी आणि त्याखाली आता हिरड्यांचा रकाना आहे: रक्त येतं का, दात हलतो का, मशेरी किंवा तंबाखू, शेवटची सफाई कधी. काही राहिलं असेल तर पुढच्या छपाईआधी पेनाने सुधारून पाठवा.

आपले कृतज्ञ,
मधुमेह तपासणी केंद्रातील डॉक्टर, परिचारिका आणि आहारतज्ज्ञ