पान गळालेले नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

हॅरी पॉटरच्या शेवटावरून गेले दोन रविवार आपल्या पत्रांच्या सदरात जे चालले आहे, ते मी चष्मा पुसून पुसून वाचते आहे. एचबीओ वाहिनी हॅरीची गोष्ट नव्याने मालिकेच्या रूपात आणणार म्हणून विषय निघाला. एकजण म्हणतात शेवट गोडमिट्ट, दुसऱ्या म्हणतात इतक्या मरणांनंतर थोडा गोडवा हवाच होता. वाद चालू द्या. पण एका पत्रात ‘पुस्तकाच्या शेवटी हॅरी ती सर्वांत बलाढ्य जादूची छडी मोडून दरीत भिरकावतो’ असे छापून आले आहे. पत्रलेखकांनी सिनेमा पाहिला आहे, पुस्तक नाही.

मी साताऱ्याजवळच्या एका ‘ब’ वर्ग ग्रंथालयात ३१ वर्षे देवघेव पाहिली. आमच्याकडे पहिल्या भागाचे मराठी भाषांतर, ‘हॅरी पॉटर आणि परीस’, आले तेव्हा पोरांनी त्याच्यासाठी पाळ्या लावल्या होत्या. सातवा आणि शेवटचा भाग जगभर २१ जुलै २००७ ला निघाला. आमच्याकडे त्याची इंग्रजी प्रत पुण्यात शिकणाऱ्या एका सभासदाच्या मुलीने वाचून झाल्यावर दिली. ६०७ पानांचा ठोकळा. दोन पावसाळ्यांत त्याची शिवण उसवली आणि मी तो बाइंडरकडे नेला. पुढ्यात सुटे फर्मे, म्हणजे घडीच्या पानांचे जुडगे, पसरले होते, तेव्हा एक गंमत दिसली. हॅरी आणि त्याचे मित्र रॉन आणि हर्मायनी तंबू घेऊन रानोमाळ हिंडतात ती मधली पाने जवळजवळ कोरी करकरीत. हॅरीच्या शाळेतल्या स्नेप मास्तरच्या आठवणींचे प्रकरण मात्र बोटांनी काळवंडलेले, एका पानाला हळद, दोन पानांचे कोपरे दुमडून दुमडून तुटलेले. समीक्षकांनी काय लिहायचे ते लिहावे, पण कुठे कंटाळा आला आणि कुठे परत परत जावेसे वाटले, हे फर्मे सांगतात.

स्नेपबद्दल माझे मत बहुतेकांना रुचणार नाही. त्याच्या धाडसाला मी नावे ठेवत नाही, पण हॅरीने आपल्या मुलाला त्याचे नाव ठेवावे हे मला आजही पटलेले नाही. वर्गात पोराला घालूनपाडून बोलणारा मास्तर तो. तिसऱ्या भागात हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल याला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते, तर याची! आईवडिलांना ज्यांनी छळून छळून वेडे केले त्यांचीसुद्धा नाही. आणि तोच नेव्हिल पुढे त्याच शाळेत शिक्षक होतो. शेवटातली मला मनापासून आवडलेली गोष्ट ही, आणि ती येते कशी, तर आगगाडीच्या फलाटावर जाता जाता झालेल्या एका बोलण्यातून.

आता छडीचे. हॅरीची स्वतःची छडी नाताळच्या सुमारास मोडते, तीही हर्मायनीच्या हातून, त्याला वाचवताना. दोन तुकडे, मध्ये फिनिक्सच्या पिसाचा एक तंतू लोंबणारा. जोडायचा प्रयत्न फसतो. निरुपयोगी झालेले ते तुकडे तो गळ्यातल्या बटव्यात घालून महिनोन् महिने वागवतो. आणि शेवटी जिच्यासाठी पिढ्यान् पिढ्या मुडदे पडले ती छडी हातात आल्यावर तो तिच्याकडून एवढेच काम करून घेतो, आपली जुनी छडी सांधून घेतो. मग ती थोरली छडी जिथून आली तिथे परत ठेवायची म्हणतो. सिनेमात हे सांधणे नाहीच. तिथे नुसते काडकन मोडणे आणि फेकणे. मोडणे पडद्यावर जास्त दिसते, हे कबूल. पण ज्याने खळ लावून पुस्तके जोडली आहेत त्याला विचारा. तसेच खलनायक वोल्डेमॉर्टचे. सिनेमात त्याची राख होऊन उडते. पुस्तकात तो सगळ्यांच्या देखत, भर सभागृहात, चारचौघांसारखा जमिनीवर पडतो. मागे प्रेत उरते. इतके दिवस ज्याचे नाव घ्यायला लोक भीत होते त्याचे.

गोडमिट्टपणाची तक्रार मला मान्य नाही. एकोणीस वर्षांनी लेकरांना गाडीत बसवून देणारे आईबाप दिसले तर त्यात वाईट काय? माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती खरे तर माझीही नाही. आठवीतला एक मुलगा शब्दकोश शेजारी ठेवून ती प्रत वाचायचा. दीड महिना लागला त्याला. पुस्तक परत करताना काउंटरवर घुटमळला. म्हणाला, “बाई, पान गळलंय का हो यातलं? जॉर्जचं काहीच नाही.”

ग्रंथालयात पान गळणे ही नेहमीची गोष्ट. आम्ही दोघांनी मिळून शेवटचे प्रकरण मोजले. आकडे सलग होते. फलाटावर रॉनचा भाऊ पर्सी याचा आवाज ऐकू येतो, हॅरीचा शाळेतला वैरी मालफॉय दिसतो, लढाईत मेलेल्या ल्युपिन आणि टाँक्स या जोडप्याचा पोरका मुलगा चोरून कोणाचा मुका घेतो तेही कळते. रॉनच्या जुळ्या भावांतला जो मागे उरला, ज्याचा एक कान आधीच गेला होता आणि मग फ्रेड गेला, त्याचे नावसुद्धा नाही. ल्युपिन आणि टाँक्स तर कसे मेले हेही दाखवलेले नाही, थेट ओळीत ठेवलेलीच दिसतात. लढाईत असे होते म्हणा. पण जॉर्जला विसरायला एकोणीस वर्षांची सवड होती.

त्या मुलाला मी म्हटले, पान आहे, मजकूर नाही. त्याचे समाधान झाले नाही, तो नुसता मान हलवून गेला.

पुस्तक पुन्हा बांधले तेव्हा बाइंडरने मागे दोन कोरी पाने जास्तीची घातली होती. मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी साठामोजणीत ते हाती आले, तर त्यातल्या एका पानावर कोणीतरी पेन्सिलीने त्या जुळ्यांचे गमतीच्या वस्तूंचे दुकान काढलेले. वर जॉर्जच्या नावाची पाटी, दारात गिऱ्हाइकांची रांग, गल्ल्यावर एका कानाचा माणूस. पुस्तकात लिहिणाऱ्याला आमच्याकडे दोन रुपये दंड आहे. तो वसूल झालेला नाही.

– एक निवृत्त ग्रंथपाल, जि. सातारा