ठाकुरबाडीहून

सोनू,

आत फोटो काढू देत नाहीत म्हणून एवढं टाईप करतेय, चुका काढत बसू नकोस. आज कलकत्त्यातली जोडासांकोची ठाकुरबाडी बघितली, टागोरांचा वाडा गं. मावशीचे गुडघे धरले होते म्हणून एकटीच गेले, मेट्रोने गिरीश पार्कला उतरून विचारत विचारत. (हिंदीतच, माझ्या!) वाडा लालभडक, हिरव्या झडपांच्या खिडक्या, आत मोठा चौक, आणि चपला बाहेर काढायच्या, देवळासारख्या. रवींद्रनाथ इथेच जन्मले १८६१ ला आणि ७ ऑगस्ट १९४१ ला गेले तेही इथेच. त्या खोलीत सगळे गप्प उभे होते, मीपण राहिले, पण खरं सांगू, माझं लक्ष बायकांच्या बाजूला जास्त.

रवींद्रनाथांचे मोठे भाऊ सत्येंद्रनाथ, पहिले भारतीय आयसीएस, म्हणजे इंग्रजांच्या काळातले बडे सनदी अधिकारी, त्यांना नोकरी मिळाली आपल्या मुंबई इलाख्यात. पुढे साताऱ्याला जज्ज होते, आणि तुकारामाचे अभंग बंगालीत नेले त्यांनी! आपण सातारचे असून मला आज कळतंय. तर त्यांनी १८६४ ला बायकोला मुंबईला न्यायचं ठरवलं. ज्ञानदानंदिनी, तेरा-चौदा वर्षांची पोर. आता घालायचं काय, कारण घरात नुसती साडी गुंडाळायची, ब्लाऊज वगैरे काही नाही, बाहेर जायचीच वेळ येत नव्हती ना. आणि घरातून निघाली तीसुद्धा पालखीत, उघड्या गाडीत बसली तर लोक काय म्हणतील. मुंबईत पारशी बायकांचं बघून ती नेसणं शिकली, वर ब्लाऊज, आत परकर, आणि तेच परत कलकत्त्याला घेऊन गेली. ब्राह्मो समाजातल्या बायका तशी नेसायला लागल्या म्हणून त्याला ब्राह्मिका साडी म्हणायला लागले. घरचे काय काय बोलले असतील विचार कर.

मला आपल्या आजीचं माजघर आठवलं. पाहुणे आले की आजी दाराआडून बोलायची, मीही लग्नानंतर दोन वर्षं तशीच बोलले, तुला हे कधी सांगितलं नाही.

वरच्या व्हरांड्यात बराच वेळ टेकले. शेवटी वॉचमनने उठवलं, बंद व्हायची वेळ झाली म्हणून.

रविवारी पहाटे गाडी पोचेल. बाबांना स्टेशनवर पाठवू नकोस, मी रिक्षा करून येते.

आई